गरम झाली की गिअर अडतो, न्यूट्रल लागत नाही: गिअरबॉक्स उघडण्याआधी क्लच तपासा

सकाळी मोटरसायकल काढली की गिअर अलगद पडतात. गर्दीत अर्धा तास गेला आणि इंजिन तापलं की सिग्नलला न्यूट्रल लागेनासं होतं. पहिल्यातून काढावं तर थेट दुसरा पडतो, दुसऱ्यातून आणावं तर पहिला. क्लच पूर्ण दाबलेला असतानाही गाडी पुढे सरकायला बघते. पहिला टाकताना खाडकन आवाज येतो. गॅरेजला नेली की क्लच वायर, म्हणजे क्लचची केबल, ताणून मिळते, काही दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच सुरू होतं.

स्प्लेंडर, शाईन, पल्सर अशा १०० ते १५० सीसीच्या, केबल क्लच असलेल्या गाड्यांची ही नेहमीची तक्रार आहे. तक्रार गिअरची असते, त्यामुळे संशय गिअरबॉक्सवर जातो आणि प्रकरण इंजिन उतरवण्यापर्यंत पोहोचतं. माझं म्हणणं एवढंच आहे की वर सांगितलेली लक्षणं असतील, तर गिअरबॉक्स बहुतेक ठीक असतो. क्लच पूर्ण सुटत नसतो. ते कसं ओळखायचं आणि वायर ताणूनही दुखणं परत का येतं, ते नीट सांगतो.

आत काय घडतं

या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये गिअरच्या जोड्या कायम एकमेकांत गुंतलेल्याच असतात. आपण पेडल दाबतो तेव्हा दाते जुळत नाहीत. एक गिअर शाफ्टवरून बाजूला सरकतो आणि त्याच्या अंगावरचे जाड खुंट, म्हणजे डॉग, शेजारच्या गिअरच्या खाचांत बसतात. गाडी ओढत असताना हे खुंट खाचेच्या भिंतीवर दाबलेले असतात आणि त्या दाबामुळे सहज सुटत नाहीत. क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या, एकमेकींवर दाबून बसलेल्या प्लेटा. क्लच दाबला की त्या वेगळ्या होतात, इंजिनाचा जोर निघून जातो, खुंट मोकळे होतात आणि गिअर सरकतो.

क्लच अर्धवट सुटला तर थोडा जोर शिल्लक राहतो. चालत्या गाडीत तो जाणवत नाही, कारण आपण अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असतो. उभ्या गाडीत मात्र तेवढा जोरही खुंट अडवून ठेवायला पुरतो. न्यूट्रलची जागा पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधोमध अगदी अरुंद असते. पेडलवर जोर वाढवला की खुंट एकदम सुटतात आणि ती जागा ओलांडून पुढच्या गिअरमध्ये जातात. म्हणून न्यूट्रल हुकतं. (चारही गिअर पुढे पाडायच्या गाड्यांत न्यूट्रल पहिल्याच्या आधी, एका टोकाला असतं. तिथे ते हुकत नाही, पेडल घट्ट होतं आणि पहिला सुटतच नाही.)

यातून सगळ्यात सोपी खूण मिळते. सिग्नलला न्यूट्रल लागत नसताना इंजिन बंद करा. बंद केल्याबरोबर न्यूट्रल सहज लागलं, तर दोष क्लचकडे आहे हे जवळपास पक्कं समजा.

खात्रीसाठी दोन चाचण्या

पहिली इंजिन बंद ठेवून. गाडी मेन स्टँडवर घ्या. क्लच कुणाला तरी दाबून धरायला सांगा. एका हाताने मागचं चाक पुढच्या दिशेने हळूहळू फिरवत ठेवा आणि दुसऱ्या हाताने गिअर पेडल हलवत सगळे गिअर वर-खाली टाकून पाहा. चाक फिरवणं महत्त्वाचं आहे. चाक स्थिर असेल तर खुंट समोरासमोर येऊन अडतात आणि चांगला गिअरबॉक्सही अडकल्यासारखा वाटतो. एवढ्याशा कारणावरून गिअरबॉक्स गेला असं ठरवलं जातं. चाक फिरवताना सगळे गिअर पडत असतील आणि पेडल दर वेळी स्वतःहून मधल्या जागी येत असेल, तर गिअर बदलणारी यंत्रणा निरोगी आहे.

दुसरी चाचणी इंजिन गरम असताना. गाडी मेन स्टँडवर, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून पहिला टाका. मागचं चाक हळू फिरेल. प्लेटांमध्ये ऑइल असतं, ते चाकाला थोडं ओढतं, म्हणून फिरणं हा दोष नाही. आता मागचा ब्रेक हलकेच दाबा. चाक लगेच थांबलं आणि इंजिनाच्या आवाजात फरक पडला नाही, तर क्लच सुटतो आहे. ब्रेक दाबल्यावर इंजिन दबलं किंवा बंद पडलं, तर क्लच धरून राहतो आहे. हे करताना चेन आणि चाकाजवळ हात, ओढणी, लहान मुलं काहीही नको.

सकाळी पहिल्यांदा गिअर टाकताना येणारा एक ‘खट्’ आवाज यात धरू नका. रात्रभरात प्लेटा ऑइलने एकमेकींना चिकटतात. क्लच दाबून आणि गिअरमध्ये ठेवून, इंजिन सुरू करण्याआधी गाडी हातभर पुढे-मागे केली की त्या सुटतात.

वायर ताणल्यावर चार दिवस बरं का वाटतं

क्लच लिव्हर दाबायला लागल्यावर सुरुवातीचा थोडा प्रवास मोकळा असावा लागतो. बहुतेक छोट्या गाड्यांत तो लिव्हरच्या टोकाशी मोजला तर १० ते २० मिमी असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत असतो, काही कंपन्या तो लिव्हरच्या बुडाशी २–३ मिमी असा देतात. या मोकळ्या प्रवासाला खेळ म्हणतात. हा खेळ जास्त झाला की लिव्हर पूर्ण दाबूनही प्लेटा पुरेशा वेगळ्या होत नाहीत. म्हणजे मोजल्यावर खेळ खरोखर जास्त असेल, तर वायर ताणणं योग्यच आहे.

खेळ मोजण्याआधीच वायर ताणली जाते तेव्हा घोळ होतो. कारण दुसरंच असतं, तरी खेळ शून्यावर आणला की लिव्हरचा सगळा प्रवास क्लचला मिळतो आणि गिअर काही दिवस पडू लागतात. पण खेळच उरला नाही म्हणजे लिव्हर सोडलेली असतानाही क्लच किंचित दाबलेला राहतो. चढावर, डबलसीट असताना प्लेटा घसरतात. घसरल्या की तापतात आणि तापल्या की स्टीलच्या प्लेटा वाकड्या होतात. वाकडी प्लेट शेजारच्या प्लेटेला घासतच राहते, म्हणजे क्लच आणखी सुटेनासा होतो. मग गाडी परत गॅरेजला जाते आणि वायर अजून ताणली जाते. दर फेरीत दुखणं वाढत जातं. माझ्या ओळखीतल्या एकांची १२५ सीसीची गाडी अशाच फेऱ्यांत सापडली होती. केबल नवी, लिव्हर नवी, तरी न्यूट्रल लागत नव्हतं. प्लेटा बाहेर काढल्या तेव्हा स्टीलच्या प्लेटा निळसर पडलेल्या होत्या.

म्हणून पाना हातात घेण्याआधी खेळ मोजा आणि तो कोणत्या दिशेने बदलतो ते लिहून ठेवा. खेळ आपोआप वाढत असेल तर केबल लांबते आहे किंवा तिच्या तारा एकेक तुटत आहेत. आपोआप कमी होत असेल तर प्लेटा झिजत आहेत. मी पाहिलेल्या गाड्यांत या एका नोंदीने अर्धं निदान करून टाकलं आहे.

बाहेरून करायची कामं, याच क्रमाने

आधी लिव्हर. तिच्या बोल्टचं भोक झिजून लांबट झालं की लिव्हर वर-खाली डुलते आणि क्लचला मिळणारा प्रवास कमी होतो. हा प्रवास मुळातच थोडा असतो, त्यामुळे एक-दोन मिमी गेले तरी फरक पडतो. दिसायला छान म्हणून बसवलेल्या आखूड लिव्हर पुष्कळदा याच कारणाने त्रास देतात. बोल्ट काढून पुसा, ग्रीसचं बोट फिरवा. केबलच्या टोकाची गोळी लिव्हरच्या खाचेत मोकळी फिरते का ते बघा. गोळी फिरली नाही तर दर वेळी तार तिथेच वाकते आणि तिथेच तुटते.

मग केबल. दोन्ही टोकं सोडवून आतली तार हाताने सरकवून बघा. ती अडखळत असेल तर ऑइल सोडून फार दिवस भागत नाही, केबल बदला. कोकणात पावसाळा संपता संपता ही तक्रार वाढते, कारण वरच्या टोकातून पाणी शिरतं आणि तार आतून गंजते. लिव्हरजवळची रबरी टोपी फाटली असेल तर ती आधी बदला, किमतीने ती नगण्य असते. साध्या केबलमध्ये पातळ ऑइलचे थेंब सोडावेत. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या केबलमध्ये ग्रीस भरू नका, धूळ धरून ते घट्ट होतं.

केबलचा मार्गही बघा. नवी केबल घाईत बसवली की ती हँडलच्या बुडाशी दुमडते किंवा वायरिंगच्या पट्टीत आवळली जाते. इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. खेळ बदलत असेल तर केबल चुकीच्या वाटेने नेली आहे. नवी केबल घालूनही दुखणं तसंच राहण्यामागे हे कारण वारंवार सापडतं.

खेळ लावायची पद्धत अशी. लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवा. मग इंजिनाजवळच्या नटांवर खेळ साधारण जमवून घ्या आणि शेवटचा बारीक फरक वरच्या अ‍ॅडजस्टरने करा. वरचा अ‍ॅडजस्टर बराच बाहेर आला असेल तर आटे कमी उरतात आणि तो वाकतो. शेवटी लॉक नट आवळायला विसरू नका.

यानंतर आयडलिंग, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन ज्या वेगाने चालत राहतं तो वेग. या वर्गातल्या पुष्कळ गाड्यांचं आयडलिंग १४०० आरपीएमच्या आसपास ठरवलेलं असतं. थंडीत गाडी बंद पडू नये म्हणून वाढवलेलं आयडलिंग तसंच राहतं आणि मग चांगल्या क्लचलाही पहिला टाकताना खाडकन आवाज येतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत हे काम स्क्रू फिरवण्याइतकं सोपं आहे.

ऑइलचा भाग, जो पुरेसा गंभीरपणे घेतला जात नाही

आपल्या छोट्या चार-स्ट्रोक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स या तिघांसाठी ऑइल एकच असतं आणि तेही जेमतेम एक लिटर. क्लचच्या प्लेटा त्यातच बुडून काम करतात. त्यामुळे ऑइल बिघडलं की त्याचा परिणाम गिअरवर लवकर कळतो. ऑइलची मुदत संपत आली की गिअर कडक होतात, हा पुष्कळांचा अनुभव आहे आणि तो खरा आहे.

डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असावं. हा दुचाकींच्या ओल्या क्लचसाठीचा जपानी दर्जा आहे. एमबी लिहिलेलं ऑइल घर्षण कमी करणारं असतं. ते कोरडा क्लच असलेल्या स्कूटरला चालतं, गिअरच्या गाडीत क्लच घसरण्याचा धोका असतो. कारसाठी आणलेलं उरलेलं ऑइल टाकण्याचा मोह याच कारणाने टाळा. जाडी पुस्तिकेत दिलेलीच घ्या. १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत जाड म्हणून २०डब्ल्यू-५० घातलं तर थंडीत प्लेटा उशिरा सुटतात.

पातळी बघताना गाडी सपाट जागी मेन स्टँडवर हवी. इंजिन काही मिनिटं चालवून, बंद करून, दोन-तीन मिनिटांनी बघा. काही गाड्यांत डिपस्टिक न आवळता नुसती टेकवून बघायची असते, पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली तरीही प्लेटांना जास्त ओढ बसते.

ज्यांच्याकडे अजून यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स १०० आहे त्यांच्यासाठी एक आठवण: तिच्या गिअरबॉक्सचं ऑइल, पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टूटी (२टी) ऑइलपेक्षा वेगळं असतं. टूटी नियमित भरलं जातं आणि गिअरबॉक्सचं वर्षानुवर्षं तसंच राहतं. गिअर कडक झाले असतील तर सुरुवात तिथून करा.

बाहेरचं सगळं बरोबर आहे, तरी क्लच सुटत नाही

आता क्लचच्या बाजूचं कव्हर उघडावं लागेल. बहुतेक गाड्यांत ते उजवीकडे असतं आणि त्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सैल करायचे. प्लेटा ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवायच्या.

स्टीलच्या प्लेटा एकेक करून जाड काचेवर ठेवा आणि कडेने फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून बघा. वाकडेपणाची मर्यादा बऱ्याच गाड्यांना ०.२ मिमी दिलेली असते. त्याहून जास्त किंवा निळसर झालेली प्लेट परत बसवू नका. घर्षणाच्या प्लेटांची जाडी आणि स्प्रिंगची लांबी मोजून पुस्तिकेशी ताडून बघा. स्प्रिंग बदलायच्या तर सगळ्या एकदम. एक कमजोर राहिली की प्लेट तिरकी उचलली जाते.

यानंतरची गोष्ट सर्वांत जास्त सुटते. घर्षणाच्या प्लेटांचे कान ज्या खाचांत सरकतात त्या क्लच बास्केटच्या खाचांच्या भिंतींवरून नख फिरवा. वर्षानुवर्षं कान आपटून तिथे खळगे पडतात. प्लेट सरकताना या खळग्यात अडकते आणि वेगळी होत नाही. खळगे अगदी उथळ असतील तर बारीक कानशीने भिंत सपाट करता येते, पण सगळ्या बाजूंनी सारखी. खोल असतील तर बास्केट बदलणं हाच उपाय. स्टीलच्या प्लेटा आतून ज्यावर बसतात त्या क्लच सेंटरच्या दात्यांवरही अशाच खुणा पडतात.

नव्या क्लच प्लेटा घालूनही महिन्याभरात तक्रार परत येते, तिचं कारण बहुधा यात असतं. फक्त घर्षणाच्या प्लेटा बदलल्या जातात. वाकड्या स्टील प्लेटा आणि खळगे पडलेलं बास्केट आत तसंच राहतं. खर्च वाचवण्यासाठी हे केलं जातं, पण पॅकिंग, ऑइल आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

नव्या प्लेटा बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्या काही किलोमीटरमध्येच जळू शकतात. स्प्रिंगचे बोल्ट छोटे असतात आणि त्यांचे आटे अ‍ॅल्युमिनियममध्ये असतात, म्हणून टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) नसेल तर जोर लावू नका.

दोष खरोखर गिअरच्या बाजूला असेल तेव्हा

इंजिन बंद ठेवूनही गिअर पडत नसतील, तर पेडलकडे बघा. गिअर टाकल्यावर पेडल खालीच राहतं, पायाने उचलावं लागतं, तेव्हा शाफ्टची रिटर्न स्प्रिंग तुटलेली असू शकते. पण त्याआधी विचारा की गाडी डाव्या बाजूवर पडली होती का. पडल्यावर पेडल आत वाकून कव्हरला घासतं किंवा शाफ्टच वाकतो. पेडल काढून शाफ्टचं टोक हाताने फिरवलं की खरं काय ते कळतं. पेडलचा बोल्ट सैल राहून आतले दाते गुळगुळीत झाले असतील तर पाय हलतो आणि शाफ्ट जागीच राहतो. चालवणाऱ्याचे फूटरेस्ट मागे असलेल्या गाड्यांत पेडल आणि शाफ्ट जोडणाऱ्या दांडीच्या दोन टोकांपैकी एकीला सामान्यतः उलटे आटे असतात. जोर लावण्याआधी दिशा बघा.

गिअर सटकत असेल, तर तो एकच आहे की कोणताही, हे आधी ठरवा. कोणताही गिअर अधूनमधून सटकत असेल तर ड्रमला (पेडलने फिरून गिअर निवडणाऱ्या दंडगोलाला) जागेवर धरणारा स्टॉपर, त्याची स्प्रिंग किंवा ड्रमवरच्या ताऱ्याच्या आकाराच्या प्लेटचा बोल्ट यांच्यावर संशय घ्या. पुष्कळ गाड्यांत हे भाग क्लचच्या मागेच असतात, म्हणजे इंजिनाची केस (बाहेरचं कवच) न फोडता दुरुस्त होतात. ठरावीक एकच गिअर, समजा दुसरा, जोर दिला की दर वेळी सटकत असेल, तर त्या गिअरचे खुंट गोल झाले आहेत किंवा गिअर सरकवणारा काटा, म्हणजे फोर्क, वाकला आहे. इथे मात्र इंजिन उतरवून केस उघडण्याला पर्याय नाही. असा गिअर वापरत राहिलात तर शेजारचा गिअरही खराब होतो.

पायाची सवयही बघा. डावा पाय पेडलवर टेकवून चालवलं की फोर्कवर सतत दाब राहतो आणि त्याची टोकं झिजतात. गिअर बदलताना पेडल अर्धवट दाबून सोडण्यानेही खुंटांच्या कडा जातात.

चेनबद्दल थोडक्यात. चाक फिरवून चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली लागत असेल, किंवा मागच्या हबमधले रबर झिजून स्प्रॉकेट हाताने पुढे-मागे हलत असेल, तर गिअर बदलताना धक्के बसतात आणि ते गिअरबॉक्सचे वाटतात.

ऑइल बदलताना जुन्या ऑइलमध्ये लोहचुंबक फिरवून बघा. चुंबकाला लागणारा बारीक काळपट गाळ साधारण झिजेचा असतो. बोटाला टोचेल एवढा, कोन असलेला तुकडा सापडला तर तो गिअरचा किंवा खुंटाचा आहे असं समजून गाडी तिथेच थांबवा. तो तुकडा दोन दात्यांत सापडला तर चालत्या गाडीचं मागचं चाक जाम होऊ शकतं. खंबाटकी किंवा कात्रजसारख्या घाटात हे घडणं जिवावर बेतेल.

मेकॅनिककडे नेताना

‘गिअर अडकतो’ एवढंच सांगू नका. थंड असताना होतं की गरम झाल्यावर, इंजिन बंद केल्यावर न्यूट्रल लागतं का, खेळ वाढतो की कमी होतो, सटकत असेल तर कितवा गिअर, आणि शेवटचं ऑइल कधी व कोणतं घातलं, हे सांगा. क्लच उघडणार असतील तर बास्केटच्या खाचा तुमच्यासमोर बघायला सांगा आणि काढलेल्या प्लेटा परत मागा. नव्या प्लेटा बसल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर हाफ क्लचवर गाडी ओढू नका, सिग्नलला पहिला टाकून लिव्हर धरून थांबू नका. त्यानंतर खेळ पुन्हा मोजा. प्लेटा बसतात तसा तो थोडा कमी झालेला असतो आणि तेव्हा वायर ताणायची नसते, किंचित सैल करायची असते.